अंगावरच्या चट्ट्याचे नाव

कोल्हारला प्रवरेच्या पुलावरून चौकात या आणि औषधाच्या दुकानाच्या पायरीशी घटकाभर उभे राहा. "नायट्याची ट्यूब द्या," असे म्हणणारे एखादे गिऱ्हाईक तुमच्या देखत येईल. तो बारमाही पाण्यात उभा राहणारा ऊसवाला असेल, तोडणीला आलेली बाई असेल, नाही तर कॉलेजात जाणारा पोरगा असेल. कपडा बाजूला करून कोणी दाखवत नाही, कारण जागा बहुधा चारचौघांत दाखवण्यासारखी नसते. दुकानदारही विचारीत नाही. नाव सांगितले, ट्यूब घेतली, पैसे दिले, एस.टी. धरली. हा व्यवहार काही कोल्हारचाच नव्हे. राहुरीला जा, श्रीरामपूरला जा, संगमनेरला जा, हेच दिसेल. या व्यवहारात औषध ठरले ते नुसत्या नावावर, आणि ते नाव बरोबर आहे की नाही हे कोणीच पाहिले नाही.

कातडीच्या दुखण्यात नावाला फार महत्त्व असते. ताप मोजता येतो, खोकला ऐकू येतो. अंगावरचा डाग मात्र ज्याने पाहिला त्याने त्याला नाव ठेवले की तेच चिकटते. मग त्याच नावाने औषध होते, त्याच नावाने परडी-उतारा होतो, आणि पोरगी लग्नाची असली तर त्याच नावाने स्थळ मोडते. म्हणून आज औषधांपेक्षा नावांबद्दल थोडे बोलू.

आपली भाषा या बाबतीत गरीब नाही. चट्टा वेगळा, डाग वेगळा. पुरळ, पुळी, फोड, गांध, गळू, केसतूड, चामखीळ, भेग, घट्टा ही प्रत्येक वेगळी वस्तू आहे आणि घरातल्या म्हातारीला ती न चुकता कळते. नखाच्या कडेला ठणकते ते नखुरडे, पाण्यात राहून बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून चिरतात त्या चिखल्या, डोक्यावर रुपयाएवढी जागा गुळगुळीत होते ती चाई, बाईच्या गालावर तपकिरी सावली पडते ते वांग. डॉक्टरांच्या पुस्तकात यांतल्या प्रत्येकाला लॅटिन नाही तर ग्रीक नाव आहे, पण पाहणे आपल्या म्हातारीचेच अचूक. एवढे खरे की ती जे नाव घेते ते दिसण्यावरून घेते, आणि डॉक्टर जे नाव घेतो ते बहुधा कारणावरून. जिथे दिसणे एक आणि कारणे चार, तिथे गाडी अडते.

नायट्याचेच घ्या. एका गावात गजकर्णालाच नायटा म्हणतात. दुसऱ्या गावात जुनाट, जाड झालेल्या, खाजऱ्या इसबाला नायटा म्हणतात. तिसरीकडे कोंडा सुटणारे काहीही नायटाच. खरे गजकर्ण म्हणजे बुरशीचे दुखणे. कड लाल, किंचित उंच, बारीक पुळ्यांची. मधली जागा बरी झाल्यासारखी. आणि हे कडे दिवसेंदिवस रुंदावत जाते. इंग्रज त्याला रिंगवर्म म्हणतो, पण त्यात किडा बिडा काही नसतो. चिठ्ठीवर लिहितात तो शब्द टीनिया. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ अळी, आणि लोकरीचे कपडे खाणारी आपली जी कसर, तिच्या जातीलाही शास्त्रात हेच नाव आहे. म्हणजे किड्याची समजूत साहेबाचीही होतीच.

टीनियाच्या पुढे जो शब्द असतो तो फक्त अंगाचा पत्ता. कॉर्पोरिस म्हणजे धड, क्रूरिस म्हणजे जांघ, कॅपिटिस म्हणजे डोके, पीडिस म्हणजे पाय, अंग्वियम म्हणजे नख. चिठ्ठीवर टीनिया क्रूरिस वाचून पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. घाबरू नका, जांघेतले गजकर्ण एवढाच त्याचा अर्थ.

आता त्या दुकानातल्या ट्यूबेकडे वळू, कारण सध्या सर्वांत मोठे नुकसान तिच्यापायी होते आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशात गजकर्णाचे रूपच पालटले. पूर्वी साधे मलम दोन-तीन आठवडे लावले की जात असे. आता महिनोन् महिने हटत नाही, घरातल्या सगळ्यांना होते, तोंडावर येते. या चिवट बुरशीला शास्त्रज्ञांनी २०२० साली वेगळे नाव दिले, ट्रायकोफायटॉन इंडोटिनिई. नावातला 'इंडो' आपल्या देशावरून आला आहे. त्यात अभिमान बाळगण्यासारखे काही नाही. हे असे का झाले याची कारणे अनेक आहेत, पण जाणकार एका कारणाकडे बोट दाखवतात, ते म्हणजे स्टिरॉइड मिसळलेली मलमे.

हे मलम काम कसे करते ते पाहा. स्टिरॉइड खाज आणि लाली दाबते. पहिल्याच रात्री आराम पडतो, झोप लागते, आणि माणूस म्हणतो, औषध गुणाचे. पण खाज आणि लाली म्हणजे शरीराची बुरशीशी चाललेली झुंज असते. राखणदाराला झोपवले की पिकात डुकरे मोकाट, तसे होते. बुरशी आत पसरते, कडे तुटते, चट्ट्याचा आकार ओळखू येईनासा होतो. अशा गजकर्णाला डॉक्टर टीनिया इन्कॉग्निटो म्हणतात, म्हणजे वेश पालटून बसलेले गजकर्ण. नाव मोठे समर्पक आहे. लावणे थांबवले की दुप्पट खाज सुटते, म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो. वर्षभरात जांघेची, काखेची कातडी कागदासारखी पातळ होते आणि तिच्यावर बाळंतिणीच्या पोटावर पडतात तसे चरे पडतात. गजकर्ण पुढे बरे होते, चरे जात नाहीत.

सरकारने २०१८ साली चौदा स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम कागदावर आहे. राखण आपली आपणच करावी लागते. ट्यूबेवर बारीक अक्षरात औषधांची नावे असतात, ती पोराकडून वाचून घ्या. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एक जरी नाव दिसले तरी ते स्टिरॉइडचे मलम समजावे आणि गजकर्णाला लावू नये. क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल, ल्युलिकोनॅझोल, टर्बिनाफिन ही बुरशीवरची औषधे. दोन्ही जातींची नावे एकाच ट्यूबेवर असतील तर ती खाली ठेवा. शेतकऱ्याला कीटकनाशकाच्या बाटलीवरचा घटक वाचायची सवय आता झाली आहे. तीच नजर या चिमुकल्या नळीकडेही वळवायची. आणि स्टिरॉइड हे काही विष नव्हे. इसबात, सोरायसिसमध्ये डॉक्टर ते मोजून-मापून देतात आणि त्याने गुणही येतो. चुकते ते नावाच्या गफलतीने.

गजकर्णाचे साधे नियम असे. मलम चट्ट्याच्या बाहेर दोन बोटे निरोगी कातडीवरही लावायचे, कारण बुरशी दिसते त्याच्यापुढे गेलेली असते. किती लावायचे याचेही माप आहे: मोठ्या माणसाच्या पहिल्या बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत बसेल एवढी मलमाची रेघ दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. डाग दिसेनासा झाला तरी डॉक्टर सांगतील तितके दिवस लावत राहायचे. ओले कपडे अंगावर वाळू देऊ नयेत. पंचा प्रत्येकाचा वेगळा. आतले कपडे उलटे करून उन्हात वाळवावे. आणि करदोटा! जांघेतले गजकर्ण हटत नसेल तर बरे होईपर्यंत तो काढून ठेवा. दोरा सतत ओला राहतो आणि बुरशीला तिथे आयतेच घर मिळते. करदोटा तोडायचा म्हटले की घरात वाद होतो, याची कल्पना आहे. त्यावर तोड म्हणजे नवा दोरा आणून, बरे झाल्यावर बांधू असा शब्द द्यावा. वासराच्या तोंडावर, डोळ्यांभोवती राखाडी खवल्यांचे गोल चट्टे असतील तर तेही गजकर्णच असू शकते, आणि ते धार काढणाऱ्याच्या हाताला येते. तेव्हा वासरालाही औषध हवे.

खरूज हा शब्द मात्र आपण बहुतेक बरोबर वापरतो. तिचे कारण सूक्ष्म किडा, हा कातडीत बीळ करून राहतो. बोटांच्या बेचक्या, मनगट, बेंबी, काख, पुरुषाचे लिंग, बाईचे स्तन या तिच्या जागा, आणि रात्री पांघरुणात शिरले की खाज दुणावते. घरात एकापेक्षा जास्त माणसे खाजवत असतील तर पहिला संशय खरजेचा घ्यावा. येथे नाव चुकत नाही, चुकते ती औषधाची रीत. खाजवणाऱ्या एकट्या पोराला मलम लावतात. ते पोर पुन्हा आजीच्या कुशीत झोपते आणि आजीकडून खरूज परत घेऊन येते. पर्मेथ्रिनचे मलम असो की डॉक्टर देतील ते दुसरे, घरातल्या सर्वांनी एकाच रात्री, मानेपासून तळपायापर्यंत, नखांच्या फटींतसुद्धा लावायचे, सकाळी आंघोळ करायची, अंथरूण-पांघरूण आणि कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकायचे, आणि आठ दिवसांनी हेच पुन्हा. तान्हे मूल आणि गरोदर बाई यांच्याबाबत आधी विचारून घ्यावे. खाज त्यानंतरही दोन-तीन आठवडे रेंगाळते. औषध लागू पडले नाही असे समजून रोज मलम फासत बसू नये.

इसबाची गंमत निराळी. इंग्रजीतला एक्झिमा हा शब्द ग्रीकमधून आला, आणि त्याचा मूळ अर्थ उकळून वर येणे, उतू जाणे. आपणही म्हणतोच की, "बिब्बा उतला." ग्रीक माणसाला आणि आपल्या आजीला एकच गोष्ट दिसली: कातडी आतून तापल्यासारखी होते, बारीक फोड येतात, लस वाहते. बिब्ब्याचे तेल तर हा प्रकार हमखास करते. टाचेच्या भेगेला, मुरगळलेल्या पायाला बिब्बा लावायचा आणि मग पाय सुजून, फोड येऊन पंधरा दिवस खाटेवर पडायचे, हे अजून चालते. चांगल्या चाललेल्या कामात बिब्बा घालणे असे आपण उगाच म्हणत नाही.

शेतकऱ्याच्या इसबामागे पुष्कळदा गाजरगवत असते. हे तण आपल्या देशात ठळकपणे प्रथम नजरेस आले ते पुण्याजवळ, १९५५ च्या सुमारास. पुढे वीसएक वर्षांत पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे शेतकऱ्यांची रीघ लागली: चेहरा, पापण्या, मान, कोपराची लवण काळी-जाड झालेली आणि खाजेने झोप नाही. गाजरगवतात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. ते ज्याला सोसत नाही त्याला, नुसत्या वाळलेल्या गवताची धूळ वाऱ्यावर आली तरी त्रास होतो. अशा माणसाला घरचे म्हणतात "रक्त बिघडले", आणि रक्त शुद्ध करण्याची बाटली सुरू होते. रक्ताचा काही दोष नसतो, बांधावरच्या गवताचा असतो. त्रास पावसाळ्यात वाढतो का, गाव सोडून आठ दिवस पाहुण्याकडे गेले की कमी होतो का, हे पाहून डॉक्टरांना सांगा. ज्याला हा त्रास आहे त्याने गवत उपटायला जाऊच नये. इतरांनी ते फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. उष्णता झाली, रक्त बिघडले, पित्त झाले हे तीन शब्द जितक्या वेळा कानावर येतात तितक्या वेळा खऱ्या कारणाचा शोध तिथेच थांबतो, हे माझे स्पष्ट मत आहे.

नागिणीच्या नावातही असाच योग आहे. डॉक्टर तिला हर्पिस झोस्टर म्हणतात. हर्पिस म्हणजे सरपटणारी, झोस्टर म्हणजे कमरपट्टा. शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखे, पाण्याच्या फोडांचे घोस येतात आणि आग-आग होते. लहानपणी कांजिण्या येऊन जातात तेव्हा त्यांचे विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी झोपी जातात. उतारवयात किंवा अशक्तपणात ते जागे होऊन त्याच तंतूच्या वाटेने कातडीवर येतात. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही समजूत खरी नाही. तंतू शरीराच्या मध्यरेषेपर्यंतच जातो, म्हणून वेढा सहसा पुरा होतच नाही. पण या समजुतीपायी गेरूने नाग काढण्यात आणि उतरवून घेण्यात चार दिवस जातात, आणि नागिणीवरचे ॲसायक्लोव्हिरसारखे औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झाले तरच पुरते उपयोगी पडते. उशीर झाला की फोड वाळतात पण ठणका मागे राहतो, म्हाताऱ्या माणसाला तर वर्षभरसुद्धा. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर डोळ्याला धोका असतो. त्या दिवशी संध्याकाळची वाट पाहू नये.

नावात देवत्व आले की औषधाला हात आखडतो, हा अनुभव नवा नाही. कोल्हार हे भगवतीचे ठाणे. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना देवीची साथ आणि दंडावरच्या लशीचा गोल व्रण दोन्ही आठवत असतील. देवीचा रोग आपल्या देशातून १९७५ साली गेला, १९८० साली जगातून गेल्याचे जाहीर झाले, आणि तो लशीने गेला. भगवतीवरची श्रद्धा त्याने तसूभरही कमी झाली नाही.

आता जे खरे सांगायचे आहे त्याकडे येतो. अंगावर पांढरा, फिका डाग दिसला की घरात शब्द कुजबुजला जातो. तो शब्द मोठ्याने कोणी उच्चारत नाही, आणि म्हणूनच त्याची चौकशी होत नाही. फिक्या डागाचे निदान चार वेगळे प्रकार आहेत आणि ते एकमेकांचे कोणी लागत नाहीत.

पहिला, लहान मुलांच्या गालावर येणारा फिकट, जरासा खरबरीत डाग. गावात म्हणतात, जंत झाले. जंताचे औषध देतात, डाग राहतो. हा कोरड्या कातडीचा, सौम्य इसबाचा प्रकार आहे. तेल किंवा साधे मलम लावून ऊन चुकवले की काही महिन्यांत आपोआप जातो. जंताचे औषध जंतांसाठी जरूर द्या, गालासाठी नको.

दुसरा, शिबे. छाती, पाठ, मान, दंड यांवर बारीक-बारीक पुष्कळ ठिपके, कधी एकमेकांत मिसळलेले, नखाने खरवडले तर बारीक भुसा पडतो. ही बुरशीच, पण गजकर्णाच्या जातीची नव्हे. ती सगळ्यांच्याच अंगावर असते आणि घामाच्या दिवसांत माजते. औषधाने लवकर मरते. मात्र रंग भरून यायला दोन-तीन महिने लागतात, तेवढ्यात लोक तीन डॉक्टर बदलतात.

तिसरा, कोड. डॉक्टरांचा शब्द विटिलिगो. डाग दुधासारखा शुभ्र, कड स्पष्ट, भुसा नाही, खाज बहुधा नाही, आणि स्पर्श अगदी शाबूत. कातडीला रंग देणाऱ्या पेशी शरीराच्याच संरक्षण यंत्रणेने मारल्यामुळे तो होतो. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, एकत्र झोपल्याने कोड होत नाही. मासे खाऊन दूध प्यायल्याने कोड फुटते ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. तिला आधार नाही. कपाळावर नेमका टिकलीच्या जागी पांढरा डाग पडला तर टिकलीमागच्या डिंकाचा, आणि पायावर रबरी चपलेच्या पट्ट्याखाली पडला तर त्या रबरातल्या रसायनाचा संशय घ्यावा, ती वस्तू ताबडतोब बंद करावी. कोडावर मलमे आहेत, प्रकाशाचे उपचार आहेत, डाग वाढायचा थांबला असेल तर कातडी लावण्याची शस्त्रक्रिया आहे. बावचीचे बी आपल्या वैद्यांना पूर्वीपासून ठाऊक होते आणि त्यातले सोरालिन आधुनिक डॉक्टरही वापरतात, पण घरी बावची वाटून, लावून, उन्हात बसू नका. भाजल्यासारखे फोड येतात.

चौथा, कुष्ठरोग. याचा डाग पांढराशुभ्र नसतो. फिकट किंवा तांबूस असतो. तो खाजत नाही, दुखत नाही, त्यावर घाम येत नाही, लव झडते, आणि मुख्य खूण म्हणजे तो बधिर असतो. डोळे मिटायला सांगून कापसाचा बोळा किंवा बॉलपेनचे टोक कधी डागावर, कधी शेजारी टेकवा आणि कुठे लागले ते बोटाने दाखवायला सांगा. डागावर टेकवलेले कळले नाही, तर त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. हाताला मुंग्या येणे, चुलीवरचे भांडे उचलताना चटका न कळणे, कानाच्या पाळ्या जाड होणे, चप्पल पायातून निसटलेली न समजणे याही त्याच्याच खुणा. जो डाग त्रास देत नाही त्याकडे आपण दुर्लक्ष करतो, आणि हा रोग नेमका त्यावरच जगतो. शिबे म्हणून सोडून दिलेल्या बधिर चट्ट्यापायी बोटे वाकडी झालेली माणसे आहेत. वाकडी झालेली बोटे गोळ्यांनी सरळ होत नाहीत.

या चौघांत सगळा घोळ घातला तो एका शब्दाने. चरकसंहितेत कुष्ठ हा शब्द कातडीच्या अठरा विकारांना मिळून वापरला आहे, सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. दद्रु, ज्यावरून हिंदीतला दाद आला, तोही त्यातच. पुढे व्यवहारात कुष्ठ म्हणजे एकच भयंकर रोग असा अर्थ रूढ झाला, पण कोडाला श्वेतकुष्ठ म्हणणे काही सुटले नाही. त्या एका जोडशब्दाने कोड असलेल्या किती मुलींना घरात बसवले असेल! कोडाचा आणि कुष्ठरोगाचा काडीचा संबंध नाही. श्वेतकुष्ठ हा शब्द आपल्या बोलण्यातून आणि लग्नाच्या बोलणीतून काढून टाकावा असे मला वाटते.

कुष्ठरोगालाही आपण महारोग म्हणत आलो, रक्तपिती म्हणत आलो. बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याला संस्था काढली तिचे नावच महारोगी सेवा समिती. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभे केले. त्याआधी १९३६ पासून मनोहर दिवाण वर्ध्याजवळ दत्तपूरला या रुग्णांत राहिले. सेवाग्रामला परचुरे शास्त्र्यांचे अंग गांधीजी स्वतः चोळीत. त्या काळी रुग्णांना खात्रीचे औषध नव्हते, माया होती. हॅन्सन नावाच्या नॉर्वेच्या डॉक्टरने १८७३ साली या रोगाचे जंतू दाखवून दिले होते, म्हणजे तो पापाचे फळ नाही हे तेव्हाच ठरले होते. पण हुकमी औषध यायला आणखी शंभर वर्षे लागली. आज एकाहून अधिक औषधांचा मिळून केलेला उपचार सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. पाकिटात दिवसांप्रमाणे गोळ्या मांडलेल्या असतात, सहा महिने किंवा वर्षभर घ्यायच्या, घरी राहून, शेतात काम करून. रिफॅम्पिसिनने लघवी तांबडी होते, क्लोफॅझिमिनने कातडी थोडी काळवंडते. दोन्हींना भिऊन गोळ्या टाकू नयेत. औषध सुरू होताच थोड्याच दिवसांत रुग्णापासून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका संपतो. देशपातळीवर डिसेंबर २००५ मध्ये या रोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले, पण आपल्या राज्यात नवे रुग्ण दरसाल सापडतातच. आशाताई घरी येऊन अंगावर डाग आहे का विचारतात तेव्हा "काही नाही" म्हणून उंबऱ्यातून वाटेला लावू नका.

कायद्यानेही उशिरा का होईना, शब्द बदलले. रुग्णांना कोंडून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा २०१६ साली रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात होते, ते २०१९ साली काढून टाकण्यात आले. कोणी वकिलाच्या नावाने भीती घातली तर हे साल सांगा.

दवाखान्यात जाल तेव्हा नाव सांगू नका, खुणा सांगा. "मला नायटा झालाय" म्हणण्यापेक्षा डाग कधी आला, कुठे सुरू झाला, पसरतो कसा, रात्री खाजतो की दिवसा, लस येते की भुसा पडतो, स्पर्श कळतो की नाही, घरात आणखी कोणाला आहे, हे सांगितले की डॉक्टरांचे अर्धे काम होते. कोल्हारकरांना लोणीचे प्रवरा रुग्णालय जवळ आहे, तिथे त्वचारोगाचा स्वतंत्र विभाग आहे. इतरांना आपापल्या जिल्ह्याचे सरकारी रुग्णालय. लाजेची जागा असेल तर बाईने बाई डॉक्टर मागून घ्यावी, त्यात गैर काही नाही. ज्या दिवशी जायचे त्या दिवशी सकाळी डागावर मलम, तेल, हळद, चुना काही फासू नका, कारण कधीकधी डाग खरवडून तो भुसा काचेवर घेऊन दुर्बिणीखाली पाहायचा असतो. आणि आतापर्यंत घरात जेवढ्या ट्यूबा वापरल्या, पिळून संपलेल्यासुद्धा, त्या सगळ्या एका पिशवीत घालून बरोबर न्या.